‘आधी वजन उतरवतो, मग डॉक्टरकडे येतो’

*डॉक्टर, माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत. वजन १३८ किलो, उंची १६८ सेंटिमीटर. घोरणं जुनंच आहे, पण वर्षभरात ते काहीतरी वेगळंच झालंय. घोरता घोरता एकदम शांत होतात. मी कान देऊन बसते आणि मग ते घुसमटल्यासारखे दचकून श्वास घेतात. एका रात्री मोबाइलवर सेकंद मोजले, ३८ भरले. आडवं पडलं की जीव कोंडतो म्हणून हल्ली आरामखुर्चीतच झोपतात. सकाळी उठल्यावर डोकं जड असतं. दिवसा समोरचा बोलत असतानाच डोळा लागतो. परवा सिग्नलला गाडी चालवता चालवता पेंगले, मागच्यांनी हॉर्न मारल्यावर जागे झाले. घरात सगळे म्हणतात आळस वाढलाय. सासूबाई म्हणतात, घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय. डॉक्टरकडे चला म्हटलं की ह्यांचं एकच उत्तर : ‘आधी वीस किलो उतरवतो, मग जातो. नाहीतर तो वजनावरूनच सोलून काढेल.’ नणंदेने झोपेची गोळी सुचवलीय, दीर ऑक्सिजनचं मशीन आणून देतो म्हणतोय. मी काय करू? आणि एक सांगायला लाज वाटते, महिनाभर मी दुसऱ्या खोलीत झोपतेय.*

ताई,

शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. दुसऱ्या खोलीत झोपलात यात लाजण्यासारखं काही नाही. रात्र रात्र दुसऱ्याचा श्वास ऐकत पडलेल्या माणसाचीही झोप मोडतेच, आणि या घरात निदान एकाचं तरी डोकं ताजं असायला हवं. शिवाय तुम्ही सेकंद मोजलेत. माझ्याकडे येणारे बहुतेक नातेवाईक ‘खूप वेळ थांबतो हो श्वास’ एवढंच सांगतात. तुम्ही आकडा आणलात.

तो आकडा लहान नाही. झोपेत दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला की त्याला आम्ही ॲप्निया म्हणतो. तुमच्या मिस्टरांचे ३८ सेकंद झाले. दर तासाला असे किती खंड पडतात (पूर्ण थांबलेले श्वास आणि खूप उथळ झालेले श्वास मिळून) यावर आजाराची पायरी ठरते : पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या पुढे तीव्र. तासाला तीस म्हणजे सात तासांच्या झोपेत दोनशे दहा वेळा. सासूबाईंना हा हिशेब जरूर सांगा, पण प्रेमाने. घोरणं म्हणजे गाढ झोप ही समजूत त्यांची एकटीची नाही. शिकलेसवरलेले लोकही तेच मानतात.

त्या शांततेत काय चाललेलं असतं ते एकदा डोळ्यांनी बघा. खोलीत मंद दिवा ठेवा आणि घोरणं थांबलं की चेहऱ्याकडे न बघता छाती-पोटाकडे बघा. ती थांबलेली नसतात. पोट वर येतं तेव्हा छाती आत जाते, छाती फुगते तेव्हा पोट खपाटीला जातं, जणू दोघांची ओढाताण चाललीय. माणूस श्वास घ्यायची धडपड करत असतो, पण घशाचं दार बंद असतं. जागेपणी घशाचे स्नायू ही वाट ताणून उघडी ठेवतात, झोपेत ते सैल पडतात. मानेत, जिभेत, घशाच्या भिंतींत चरबी साठलेली असली की आधीच अरुंद झालेली वाट मिटते. मग जितकं जोरात ओढावं तितकी ती जास्त चिकटते, ओल्या कागदाच्या नळीतून पाणी ओढायला जावं तशी. रक्तातला ऑक्सिजन उतरत जातो, शेवटी मेंदू घाबरून माणसाला दोन-चार सेकंदांपुरता जागा करतो, आणि तो दचकून श्वास घेतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. आठ तास झोपलो, तरी थकवा का जात नाही, एवढंच त्याला कळत नाही.

तेव्हा दिवसा बसल्याजागी डोळा लागतो तो आळसाने नाही. दोनशे वेळा उठवलेल्या कुणालाही लागेल.

एक विचारून घ्या : रात्री लघवीला किती वेळा उठतात? बंद घशाविरुद्ध ओढताना छातीत जो ताण तयार होतो, त्याने हृदयाला अंगात पाणी जास्त झाल्याचा चुकीचा निरोप जातो आणि मग मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करू लागतात. लोक साखर तपासतात, प्रोस्टेट तपासतात, आणि घोरण्याकडे कुणी बघतच नाही.

इथपर्यंतची गोष्ट घशाची, म्हणजे स्लीप ॲप्नियाची. पण तुमच्या पत्रात मला जास्त खटकल्या त्या दोन गोष्टी : आरामखुर्ची आणि सकाळचं जड डोकं. इतक्या वजनाच्या माणसाला ॲप्निया असणं इतकं नेहमीचं आहे की डॉक्टरही पुष्कळदा तिथेच थांबतात. त्याच्या मागे दुसरा आजार दडलेला असू शकतो. त्याचं नाव लांबलचक आहे, ओबेसिटी हायपोव्हेंटिलेशन सिंड्रोम. साध्या मराठीत, लठ्ठपणामुळे अपुरा पडणारा श्वास.

छाती आणि पोटावरचं वजन फुप्फुसांना पुरतं फुगू देत नाही. उभं असताना पोट खाली लोंबतं, त्यामुळे निदान श्वासपटलाला (छाती आणि पोटाच्या मधल्या स्नायूच्या पडद्याला) जागा मिळते. आडवं झालं की तेच पोट या श्वासपटलाला वर छातीत ढकलतं. म्हणून माणूस नकळत खुर्ची शोधतो. दर श्वासाला मेहनत जास्त आणि हवा कमी, असा हा तोट्याचा व्यवहार. रात्री कार्बन डायऑक्साइड साठत जातो. तो साठला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि म्हणून सकाळी डोकं जड होतं, दुखतं. रोज रात्री असं झालं की मूत्रपिंडं रक्त आम्लधर्मी होऊ नये म्हणून बायकार्बोनेट राखून ठेवतात. त्याने रक्त सावरतं, पण मेंदूचा गजर बोथट होतो. जिथे त्याने ‘जोरात श्वास घे’ म्हणून ओरडायला हवं, तिथे तो गप्प राहतो. मग दिवसा, पूर्ण जागेपणीही कार्बन डायऑक्साइड चढलेलाच राहतो.

व्याख्या अशी : बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३० किंवा अधिक, झोपेत श्वासाचा बिघाड, आणि जागेपणी धमनीच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजलेला) ४५ च्या वर, तोही फुप्फुसांचा, स्नायूंचा किंवा दुसरा कुठला आजार नसताना. तुमच्या मिस्टरांचा बीएमआय मी काढला, जवळजवळ ४९ येतो. या आजाराच्या दहातल्या साधारण नऊ रुग्णांना घशाचा ॲप्नियाही असतो. उलट मात्र खरं नाही, ॲप्निया असलेल्या प्रत्येकाला हा आजार नसतो. म्हणून तो मुद्दाम शोधावा लागतो.

थोडं विषयांतर. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या आजाराचं एक वर्णन छापलं, ते वैद्यकाच्या इतिहासात गाजलं. रुग्ण होता एक्कावन्न वर्षांचा, धंद्यातला मोठा अधिकारी. आठवड्यातून एकदा मित्रांबरोबर पत्ते खेळायचा. एका डावात त्याच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले, म्हणजे जवळपास हमखास जिंकणारी पानं, आणि ती हातात धरूनच तो झोपी गेला. डाव गेला. त्यानंतर काही दिवसांत तो इस्पितळात दाखल झाला. मला या गोष्टीत नेहमी एक गंमत वाटते : वजन वाढलं, दम लागला, पाय सुजले, तोवर सगळं चालवून घेतलेलं असतं. आपलं काहीतरी बिघडलंय हे पटायला हातची पानं जावी लागतात.

तुमच्या घरात ती पानं म्हणजे तो सिग्नल. आजपासून गाडी बंद. तपासण्या होऊन उपचार लागू पडेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, ‘जवळच तर जायचंय’ हेही नाही. या एका बाबतीत मी कुठलीच सवलत देत नाही.

आता ‘आधी वीस किलो’. सर्वांत आधी कबूल करते की त्यांची भीती खोटी नाही. वजनदार माणूस कुठलंही दुखणं घेऊन आला तरी त्याला वजनावरून झापायचं, ही आमच्या पेशातली वाईट खोड आहे. पण क्रम उलटा लागलाय. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हातपाय हलवायची इच्छाच होत नाही. अशा शरीराला आधी वीस किलो उतरव म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला आधी धावून दाखव, मग प्लास्टर घालू, असं सांगणं. आणि समजा उतरवले, तर? २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज असा की वजन दहा टक्क्यांनी घटलं तर श्वास थांबण्याचं प्रमाण साधारण २६ टक्क्यांनी उतरतं. ही घट चांगलीच आहे. पण तासाला साठ वेळा थांबणारा श्वास मग चव्वेचाळीस वेळा थांबेल, म्हणजे तीव्र तो तीव्रच. मी वर सांगितलेला दुसरा आजार वजनाने सुटायचा असेल तर तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं सुमारे २५ ते ३० टक्के घट सांगतात. १३८ किलोंवर ते होतात पस्तीस ते चाळीस किलो. तेवढं उतरायला वर्ष-दोन वर्षं सहज लागतील, आणि तोवर दर रात्री तेच चालू राहील. रक्तदाब चढत राहील, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण साठत राहील. घोटे सुजतात का, तेही बघा. संध्याकाळी अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

नणंदेची गोळी नको. झोपेच्या बऱ्याचशा गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात किंवा मेंदूचा तो गजर आणखी दाबतात. दारूही दोन्ही करते, तीव्र वेदनाशामकं आणि खोकल्याची काही गुंगी आणणारी औषधंही. जो माणूस घुसमटल्यावर दचकून जागा होतो म्हणून वाचतोय, त्याचं ते जागं होणंच गोळीने काढून घ्यायचं?

दिरांचा हेतू चांगला आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा कमी दिसला की ऑक्सिजन द्यावासा वाटणं साहजिक आहे. पण इथे मूळ दुखणं हवा आत-बाहेर न होण्याचं आहे. नुसता ऑक्सिजन सोडला की आकडा छान दिसतो, घरचे निश्चिंत होतात, आणि श्वास उलट आणखी मंदावू शकतो. आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि तो ऑक्सिमीटरला दिसत नाही. माणूस ‘शांत झोपलेला’ वाटतो. खरं म्हणजे तो गुंगीत चाललेला असतो. ऑक्सिजन लागेल की नाही, लागला तर किती आणि कशाबरोबर, हे डॉक्टरांनी मोजून ठरवायचं. घरात आपल्या मनाने मशीन लावू नका.

दाखवायचं कुणाला? छातीविकारतज्ज्ञाला, किंवा झोपेच्या आजारांचा डॉक्टर असेल तर त्याला. जाताना दोन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन जा. चेहरा, छाती, पोट तिन्ही दिसायला हवीत, आवाज नीट ऐकू यायला हवा, आणि त्यात एक तरी शांतता आणि तिच्या शेवटचा दचका सापडायला हवा. माझ्या टेबलावर असा व्हिडिओ आला की अर्धा तास वाचतो, शिवाय ‘मी कुठे घोरतो’ हा वादही संपतो. दिवसाची झोप मोजायला एपवर्थ नावाची प्रश्नावली आहे : आठ प्रसंग (वाचताना, टीव्ही बघताना, सिग्नलला गाडीत वगैरे), प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण चोवीस. दहाच्या वर गेलं की झोप प्रमाणाबाहेर. ती दोघांनी वेगवेगळी भरा. नवरा सहा लिहितो आणि बायको अठरा, हे मी नेहमी बघते. खरा आकडा सहसा बायकोचा असतो.

तिथे तुम्ही एक प्रश्न नक्की विचारा : ‘ह्यांचा कार्बन डायऑक्साइड तपासायचा का?’ रक्तातलं बायकार्बोनेट साध्या तपासणीत कळतं. संशय फारसा नसेल आणि ते २७ च्या खाली असेल तर हा दुसरा आजार बहुधा नाही. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत संशय दाट आहे, त्यामुळे मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन थेट तपासणीच करतील असं वाटतं. सुई जरा दुखते, आधी सांगून ठेवा. त्याखेरीज झोपेची चाचणी होईल. अंगाला तारा लावून रात्रभर श्वास, ऑक्सिजन, हृदयाचे ठोके टिपतात. थायरॉइड आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको, याही तपासण्या बहुधा होतील. आडवं झोपता न येणं हे हृदयाच्या आजाराचंही लक्षण असतं, ते वेगळं काढावंच लागतं.

उपचाराची मुख्य गोष्ट म्हणजे मास्क आणि मशीन. सीपॅप. हे मशीन औषध देत नाही, ऑक्सिजनही देत नाही. खोलीतलीच हवा थोड्या दाबाने नाकावाटे आत ढकलतं, आणि तो दाब घशाच्या मिटणाऱ्या भिंतींना बाजूला धरून ठेवतो. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. सुरुवातीची यंत्रं त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी चालवून जमवली होती, आणि आवाजही तसाच होता. आताची मशीनं बिछान्याशेजारच्या छोट्या टेबलावर मावतात. कार्बन डायऑक्साइड फारच चढलेला असेल किंवा सीपॅपने भागत नसेल तर बायपॅप देतात. त्यात श्वास आत घेताना दाब जास्त आणि सोडताना कमी असतो, त्यामुळे फुप्फुसांना ढकलून मदत मिळते.

पहिला अनुभव चांगला नसतो, हे मी स्वतः मास्क लावून बघितल्यामुळे सांगू शकते. तोंड उघडलं की हवा नाकातून आत आणि तोंडातून बाहेर असा झोत सुरू होतो, बोलता येत नाही, आणि पहिली पाच मिनिटं हात सारखा पट्ट्याकडे जातो. पाचव्या-सहाव्या मिनिटाला श्वासाला लय सापडली. ज्यांना ती पाच मिनिटं काढता येत नाहीत ते मशीन कपाटात ठेवून देतात. म्हणून पहिला आठवडा संध्याकाळी टीव्हीसमोर जागेपणी वीस-पंचवीस मिनिटं नुसता लावून बसायला सांगा. मास्कचं माप आडवं होऊन घ्यायला लावा, कारण झोपल्यावर गाल पसरतात आणि बसून नीट बसलेला मास्क डोळ्यांकडे हवा सोडू लागतो. पट्टे करकचून आवळले की हवा कमी सुटते असं वाटतं, पण बहुतेकदा नाकावर व्रण तेवढा उठतो. नाक चोंदत असेल, घसा कोरडा पडत असेल तर हवा ओलसर करणारा भाग जोडता येतो. आणि दुपारची झोप हीसुद्धा झोपच, तेव्हाही मास्क लागतो. हे सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

मास्क नीट लागला की काहींना पहिल्या काही दिवसांतच फरक जाणवतो, काहींना महिना लागतो. दिवसा जाग आली, पायांत थोडं बळ आलं की मग वजनाकडे वळा, तेही डॉक्टरांच्या मदतीने. आता त्यासाठी औषधं आहेत. टिर्झेपेटाइड या इंजेक्शनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी मान्यता दिली. इतक्या वजनाला शस्त्रक्रियेचाही विचार होतो. ती ठरली, किंवा दुसरं कुठलंही ऑपरेशन ठरलं, तर भूलतज्ज्ञांना ॲप्नियाबद्दल आधी सांगायचं आणि मशीन सोबत न्यायचं. वजन चांगलं उतरल्यावर पुन्हा चाचणी करतात आणि मशीन सुटूही शकतं, पण ते चाचणीने ठरतं. आपण आपलं ठरवून बंद करायचं नाही.

त्यांच्याशी कसं बोलाल? ‘वजन’ हा शब्द आठवडाभर घरातून हद्दपार करा. दिवसा, ते त्यातल्या त्यात ताजे असताना व्हिडिओ दाखवा आणि म्हणा, ‘अहो, मला रात्री भीती वाटते.’ एवढंच. दवाखान्याची वेळ घेताना फोनवरच सांगून ठेवा की झोपेतला श्वास दाखवायचा आहे. आणि आत गेल्यावर पहिलं वाक्य त्यांचं असू दे : ‘डॉक्टर, वजन किती आहे ते मला माहीत आहे, मी श्वासासाठी आलोय.’ शहाणा डॉक्टर तेवढ्यावर समजतो. न समजणारा भेटला तर दुसरा बघा.

तोवर खुर्ची काढून घेऊ नका, आडवं झोपायचा आग्रह धरू नका. पलंगावर झोपलेच तर डोक्याकडची बाजू उंच आणि कुशीवर. आणि हे मात्र लक्षात असू द्या : हाक मारूनही नीट जागे होत नसतील, असंबद्ध बोलत असतील, ओठ निळसर दिसत असतील, किंवा पुढे केलेले हात फडफडल्यासारखे थरथरत असतील, तर तज्ज्ञाच्या तारखेची वाट न बघता त्याच क्षणी मोठ्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात न्या आणि दारातच सांगा, ‘ह्यांचा कार्बन डायऑक्साइड वाढला असेल.’

मशीनचा आवाज मंद पंख्याइतका असतो. त्या खोलीत परत जायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण सुरुवातीचे काही आठवडे दोन्ही खोल्यांची दारं उघडी ठेवा. मास्क निसटला की घोरणं पुन्हा सुरू होतं, आणि ते ओळखणारा कान तुमचाच आहे.